टाकी बंद होती त्या दिवशी

शेड तीच आहे. पत्रे नवे घातलेत, गेटावरची पाटी बदललीय, आणि आत आता ऑनलाइन मागवलेल्या मालाचं गोदाम आहे. गेल्या महिन्यात मी चाकणला तिथे पत्रकं वाटायला गेले होते. दिवसभर खोकी उचलणाऱ्या पोरांना बसायला स्टूल नाही, प्यायचं पाणी गेटाबाहेर, त्यावरचं पत्रक. मीच लिहिलेलं. माझी पत्रकं गोड नसतात. हे लिखाणही गोड होणार नाही, आधीच सांगते.

वाटता वाटता आत शिरले. पुठ्ठ्याचा वास, चिकटपट्टीचा वास, घामाचा. मागच्या भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत पिवळट नारिंगी छटा चढलेली होती. वॉचमन म्हणाला, ताई, तिथं ओल हाय, तीनदा रंग मारला तरी खालनं परत वर येतंय. त्या जागी क्रोम प्लेटिंगची, लोखंडाला चकाकी चढवायची टाकी होती. त्या टाकीच्या काठावर माझे वडील, आप्पा, अकरा वर्षं उभे होते.

मी नाक वर करून तिथे थोडा वेळ थांबले. जुना वास सापडतोय का बघत होते. ओल्या लोखंडाचा वास, आणि त्याच्या मागोमाग घशात टाचणी टोचावी तसं काहीतरी. आप्पा पहिली शिफ्ट करून साडेचारला काळेवाडीच्या आमच्या खोलीत आले की तो वास त्यांच्या आधी दारातून यायचा. मी धावत जाऊन त्यांच्या पोटाला मिठी मारायची. त्यांच्या बनियनला बारीक बारीक भोकं असायची, टाचणीनं पाडल्यासारखी, कडेनं पिवळी. आई म्हणायची, यांचं बनियन दोन महिने घालायचं आणि मग पीठ चाळायला घ्यायचं. ती भोकं बोटानं मोजत मी त्यांच्या पोटावर डोकं टेकून पडायची. लहानपणीचं सगळ्यात मऊ काय आठवतं, असं मला कुणी विचारलं तर ते बनियन.

आणि सगळ्यात गोड आवाज विचारला, तर आप्पांच्या नाकाची शीळ.

घोरणं नव्हे. शीळ. जेवून ते पालथे पडले की श्वासाबरोबर नाकातून बारीक शीळ वाजायची. वर पत्रा तापून टकटक करायचा, शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालायचं, आणि त्या दोन्हींच्या मधून ती शीळ, आत, बाहेर, आत, बाहेर. मी तिच्या तालावर पाढे पाठ केलेत. सतराचा पाढा अजून तसाच म्हणते. मला वाटायचं सगळ्यांचे बाप असेच वाजतात.

रविवारी लिंबाजीकाका यायचे. हे आप्पांचे टाकीवरचे जोडीदार, आमच्याच मराठवाड्यातले. ते आले की आम्ही पोरं गराडा घालायचो, कारण काकांकडे जादू होती. आईच्या रिळातला दोरा घ्यायचा, एका नाकपुडीत घालायचा, नाक वाकडं करायचं, मग दुसऱ्या नाकपुडीतून दोऱ्याचं टोक बाहेर. दोन्ही हातांनी दोरा मागेपुढे ओढून दाखवायचे. आम्ही टाळ्या पिटायचो. काका म्हणायचे, "नाक फुटलं की माणूस पक्का. मग शिंका न्हाई, आग न्हाई, काई न्हाई."

प्लेटिंगवाल्यांचा हा समजच होता. नव्या माणसाला टाकीवर सारख्या शिंका यायच्या, नाकातून रक्त यायचं, त्याला सगळे कच्चा म्हणून चिडवायचे. नाकाला खोबरेल लावून, रुमाल बांधून तो दिवस काढायचा. मग एक दिवस दोन नाकपुड्यांमधला पडदा आरपार जायचा आणि आग थांबायची. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर दोरा घालून बघायचा, गेला की माणूस पक्का. आप्पांचा दोरा गेला त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांना भेळ वाटली. उरलेली पुडीत बांधून घरी आणली. कैरी होती तिच्यात. आईनं मला आणि शेजारच्या पोरांना चिमूट चिमूट दिली, आणि आप्पा हसत भिंतीला टेकून बसले, परीक्षा पास झाल्यासारखे.

ती भेळ मी चवीनं खाल्ली. हे मी कुणालाच माफ करणार नाही. स्वतःलाही नाही.

पडद्याला भोक पडून शीळ आली, तसा आप्पांचा वास गेला. म्हणजे त्यांना वास येईनासा झाला. करपलेली डाळ ते आनंदानं खायचे. गॅस उघडा राहिला तरी शेजारी बसून पेपर वाचायचे. मग मी त्यांचं नाक झाले. हा आमचा खेळच होता. ताट समोर आलं की ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "सांग माय, काय काय वाजतंय." मी वाकून हुंगायची आणि सांगायची. हिंग जास्त पडलाय. लसूण एका बाजूनं जळलाय. भाकरीला चुलीचा न्हाई, गॅसचा वास हाय. विहारात संध्याकाळी वंदना झाली की मी त्यांच्या कानात सांगायची, आज मोगऱ्याची अगरबत्ती, काल चंदनाची होती. पुढे कॉलेजात लवण ओळखायच्या प्रॅक्टिकलला मी परीक्षानळी हलवून नुसत्या वासावर अमोनिया की अॅसिटेट ते सांगायची, तेव्हा मुली चकित व्हायच्या. त्यांना काय माहीत, मी हे कुणासाठी शिकले होते.

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच शेडमध्ये, चौथीत असताना. कंपनीत सुरक्षा सप्ताह होता. कामगारांच्या घरच्यांना बोलावलं होतं, मांडव घातला होता, पोरांची घोषवाक्यांची स्पर्धा होती. एका मोठ्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक पाहुणे होते. पांढरा शर्ट, पांढरा कोट, इतका पांढरा माणूस त्या शेडमध्ये कधी आला नसेल. त्यांनी टेबलावर काचेचा ग्लास ठेवला, त्यात आप्पांच्या टाकीतलं नारिंगी पाणी घेतलं, बाटलीतून काहीतरी थेंब थेंब टाकलं. नारिंगी पाणी मळकट झालं आणि मग एकदम हिरवंगार. पहिल्या पावसानंतर मावळात दिसतं तसलं हिरवं. सगळा मांडव आ वासून बघत होता. सर म्हणाले, रसायनाला घाबरायचं नसतं, त्याला ओळखायचं असतं.

मी त्या क्षणी ठरवलं, मला हे व्हायचंय. डॉक्टर नाही, कलेक्टर नाही. मला पांढरा कोट घालून लोकांसमोर नारिंगीचं हिरवं करायचंय.

त्याच दिवशी सरांनी शेडमधल्या हवेचा नमुना घेतला. पंधरा दिवसांत दाखला आला, आणि मालकानं प्रत्येक कामगाराला त्याची झेरॉक्स दिली. आप्पांनी ती लॅमिनेट करून आणली आणि घड्याळाखाली खिळा ठोकून टांगली. आमच्याकडे लग्नाचा फोटोही लॅमिनेट केलेला नव्हता. मी तो दाखला इतका वाचलाय की पाठ आहे. सदर युनिटमधील हवेचा नमुना तपासला असता क्रोमियमचे प्रमाण विहित मर्यादेच्या आत आढळले. कामगारांच्या आरोग्यास धोका संभवत नाही. खाली निळ्या शाईतली सही, एका दमात मारलेली, शेवटी लांब शेपूट.

दाखला आला त्यानंतर दोन वर्षांनी आप्पांच्या नाकातून रक्त थांबेना. कंपनीच्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं, नाक कोरण्याची सवय. दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, असा मालकाचा निरोप आला. आप्पा पुनावळ्याला एका सोसायटीच्या गेटावर वॉचमन म्हणून लागले. दाखला भिंतीवर तसाच राहिला.

बारावीनंतर घरात सभाच भरली. हिंजवडीत कामाला असलेला माझा मावसभाऊ मुद्दाम सुट्टी काढून आला. केमिस्ट्री करून काय करणार, लॅबमधली भांडी घासणार का, कॉम्प्युटर घे, दोन वर्षांत कंपनीची कॅब दारात येईल, वगैरे. आईचं मत डिप्लोमाचं होतं. मी म्हणाले, बीएस्सी, आणि ते पण सरांच्या कॉलेजात. भाऊ हसला. आप्पा एवढंच म्हणाले, "शिकू दे तिला. त्या सरांवाणी व्हईल."

त्या वाक्यावर माझी अॅडमिशन झाली. काळेवाडीहून दोन बस बदलून मी जायची. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा पहिला वास अजून नाकात आहे, स्पिरिट, ओलं लाकूड, गॅसच्या बर्नरचा निळा वास, बेसिनमध्ये साचलेलं काहीतरी आंबट. मला घरी आल्यासारखं वाटलं. सर आले. तोच पांढरा कोट. पहिलं प्रॅक्टिकल डायक्रोमेटचं, म्हणजे क्रोमच्याच एका क्षाराचं होतं. बाटलीतले नारिंगी खडे बघून मी ओळखले, आप्पांच्या टाकीतल्या पाण्याचा रंग.

सर म्हणाले, "याला बोट लावायचं नाही. तोंडानं पिपेट ओढायचं नाही. क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यातल्या लोकांच्या नाकाच्या पडद्याला यानं भोक पडतं. एका नाकपुडीतून दुसरीत दोरा जातो त्यांचा. जुन्या पुस्तकांतसुद्धा आहे हे."

पुढच्या बाकावरची एक मुलगी ईऽ म्हणाली. वर्ग हसला. सरही हसले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मांडवात उभे राहून ग्लासातलं पाणी हिरवं करत होते तेव्हाही माहीत होतं. समोर पहिल्या रांगेत लिंबाजीकाका बसले होते, शीळ वाजत होती त्यांची, तेव्हाही.

मी त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा दाखला खाली काढला. आप्पांना सांगितलं, हे खोटं आहे. ते चिडले. माझ्यावर असे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत खिळ्याला लावला. "लई शिकलेला माणूस हाय तो. सही हाय त्याची. तू एका दिवसात त्याच्या वर गेली व्हय?" मग जरा वेळानं, शांत झाल्यावर, अभिमानानंच सांगायला लागले. सर येणार म्हणून आम्ही दोन दिवस राबलो माय. फरशी घासली. टाकी सकाळीच बंद केली, वर झाकण घातलं, दोन्ही दारं सताड उघडली, भाड्यानं मोठा पंखा आणला. पाहुण्याला तरास नको.

टाकी बंद होती त्या दिवशी. करंट बंद, म्हणजे फेस नाही, म्हणजे वाफ नाही. बंद टाकीवरची हवा बाटलीत भरून नेली आणि चालू टाकीच्या माणसांना दाखला दिला. आणि टाकी बंद करणारे हात आप्पांचेच. पाहुण्याची सरबराई म्हणून. ज्यांनी हे करून घेतलं त्यांना ही गोष्ट माहीत होती, की ही माणसं शिकलेल्या माणसासाठी फरशी घासतात.

मला वकील हो म्हणणारे भेटले. पत्रकार हो म्हणणारे भेटले. मी पत्रकं लिहिते त्या कामगार संघटनेत तर रोज कुणीतरी सल्ला द्यायचं. पण मी कामगार आयुक्तांच्या दारात उभी राहिलेय, कागद घेऊन. तिथे माणसाचं नाक पुरावा होत नाही. तिथे प्राध्यापकाची सही पुरावा असते. मग ठीक आहे. सही माझी असेल. प्राध्यापक व्हायचं माझं लहानपणीचं स्वप्न मी मोडलं नाही. त्याला धार लावली.

तीन वर्षं मी सरांच्या समोरच्या बाकावर बसले. एक कबुली देते. ते उत्तम शिकवायचे. फळ्यावर त्यांचं समीकरण म्हणजे रांगोळी. माझी जर्नल बघून ते दोनदा म्हणाले, हुशार आहेस, पुढे शिक. मी मान खाली घालून हो सर म्हणाले. प्रत्येक 'हो सर' मी मोजून ठेवलाय. अजूनही त्यांना 'अरे' म्हणायला तोंड वळत नाही, या लिखाणातसुद्धा, बघा. शिकवणाऱ्या माणसापुढे वाकायची सवय आप्पांनी घरात इतकी खोल पुरलीय.

मग पुणे विद्यापीठात एमएस्सी. मोठी झाडं, लांबच लांब कॉरिडॉर, दुपारी कँटीनला बन मस्का आणि चर्चा. मला तिथे बरं वाटायचं आणि बरं वाटल्याचा राग यायचा. तिथल्या पोरांना रसायनाची भीती नव्हती, ओळखही कागदावरची होती. कुणी बोटावर आम्ल सांडलं तर सगळी लॅब धावायची. मी बघत राहायची, एका थेंबासाठी किती माणसं धावतात.

संशोधनाची परीक्षा पास झाले, फेलोशिप मिळाली, आणि तीन दारं उघडी राहिली. बंगळूरची नावाजलेली संस्था, आमचं विद्यापीठ, आणि सरांच्या कॉलेजातलं संशोधन केंद्र. एमएस्सीच्या मॅडमना मी तिसरं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. माझं सगळं त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "वेडी आहेस का? पीएचडीत गाइड म्हणजे सासर असतं. एक सही अडवून धरली तर वर्षं जातील तुझी. प्राध्यापक होणं राहील बाजूला. बंगळूरला जा, मोठी हो, मग ये आणि घे काय सूड घ्यायचा तो."

त्यांचं म्हणणं खरं आहे. अजूनही खरं आहे. पण लिंबाजीकाका मागच्या हिवाळ्यात गेले. त्या शेडमधली माणसं एकेक करून गावाकडे चाललीत, गेलेल्यांचं नाक तपासता येत नाही. मी मोठी होऊन येईपर्यंत पुराव्याची माणसं संपतील. आणि दुसरं, मला कुठल्याही गाइडची सही चालणार नव्हती. ज्या हातानं धोका संभवत नाही लिहिलं, त्याच हातानं धोका होता असं लिहायला हवं होतं. बंगळूरला जाऊन मला नोकरी मिळाली असती. हे मिळालं नसतं.

परवा मी सरांच्या केबिनमध्ये गेले. आप्पा ड्युटीवर होते, मी भिंतीवरचा दाखला काढून बॅगेत घातला. सरांनी ओळखलं. केस पिकलेत, कोट तसाच पांढरा. अगं ये, बस, म्हणाले, फेलोशिपबद्दल अभिनंदन केलं, शिपायाला चहा सांगितला. मी गाइडच्या संमतीचा फॉर्म पुढे केला. त्यांनी पेन उघडलं आणि सहीच्या जागी टेकवलं. विषय वाचलाच नाही.

मला हवं होतं ते होत होतं. दोन सेकंद गप्प बसले असते तर झालंही असतं.

मी म्हणाले, "सर, आधी वाचा. मग सही करा."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. चाकण परिसरातील क्रोम प्लेटिंग कामगारांच्या नाकाच्या पडद्याची हानी, असा विषय आहे. विषय चांगला आहे म्हणाले, पण नमुने कुठून आणशील, कारखानेवाले आत घेणार नाहीत. मी म्हणाले, बाहेर काढलेल्यांकडून. मग दाखला काढून फॉर्मच्या शेजारी ठेवला. प्लॅस्टिक पिवळं पडलंय, खिळ्याचं भोक तेलकट झालंय. त्यांनी तो हातात घेतला, उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. अशा बऱ्याच तपासण्या केल्या आपण त्या काळी, म्हणाले. कुठलं युनिट ते त्यांना आठवत नव्हतं.

मी तयारीनं गेले होते. कबुलीसाठी, संतापासाठी, हाकलून देण्यासाठीसुद्धा. विसरलेले असतील याची तयारी नव्हती. आमच्या घरात घड्याळाखाली वर्षानुवर्षं लटकलेली सही, आणि त्यांना आठवत नव्हती.

"टाकी बंद होती सर त्या दिवशी," मी म्हणाले. "माझ्या वडिलांनीच बंद केली. तुम्हाला त्रास नको म्हणून."

चहा आला, त्यावर साय धरली. शेवटी ते म्हणाले, "तेव्हा पद्धतच तशी होती. ते नेतील तिथला नमुना घ्यायचा." मग फॉर्मकडे न बघता, "तुला दुसरा गाइड मिळेल. मी नाव सुचवतो."

"नाही सर. तुमचंच नाव हवं."

त्यांनी सही केली. या वेळी एका दमात झाली नाही. मधे पेन उचललं, पुन्हा टेकवलं, शेपूट आखूड राहिली. मी थँक्यू म्हणाले नाही. दाखला त्यांच्या टेबलावरच ठेवून आले. त्यांच्या मागच्या भिंतीवर खिळे भरपूर आहेत.

घरी आले तेव्हा आप्पा घड्याळाखालच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसले होते. भिंतीचा तेवढाच तुकडा मूळ रंगाचा राहिलाय. दाखला सरांकडे दिला, एवढंच सांगितलं. आणि सांगितलं की नाव नोंदलं की काम सुरू, नमुना देणारा पहिला माणूस तुम्ही. सोमवारी माझ्याबरोबर कॉलेजात यायचंय, सरांच्या समोर बसायचंय, ते तपासतील आणि मी लिहीन. आप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. त्यांना आनंद झाला होता.

"दाढी करून येतो मग," ते म्हणाले. "पांढरा सदरा काढून ठेव. आन् सरासाठी काय न्यायचं गं माय? पेढे नेऊ?"

"काही नको आप्पा," मी म्हणाले. "नाक तेवढं घेऊन चला."